मास्तरांचं सूप

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

लेकीच्या घरी रुळलात की नाही? कानाचं नवं यंत्र फोनला लावलं की शिट्टी मारतं असं ताईने कळवलं. म्हणजे आपला पत्रांचा संसार चालूच राहणार. मला ते बरंच आहे. फोनवर तुम्ही "काय?" म्हणता, मी ओरडते आणि गिऱ्हाइकांना वाटतं घरात भांडण पेटलंय.

हॉटेल माझ्या हवाली करून गेलात तेव्हा म्हणाला होतात, अडलीस तर विचार. आता अडलेय. कोपऱ्यावर नवं हॉटेल उघडलंय. त्यांच्या फळ्यावर पदार्थाचं नाव बारीक आणि प्रोटीनचा आकडा ठळक. मला आधी हसू आलं. मग आपली वजनवाली (शेजारच्या जिममध्ये वजनं उचलते, रोज दुपारी खिडकीपाशी बसते ती) मला विचारायला लागली.

"यात प्रोटीन किती?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती ग्रॅम?"

मी म्हटलं, "पोट भरेल इतकं." ती हसली, पण दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर जायला लागली. आणि नुसते जिमवाले असते तर मी कान बंद केले असते. आता बँकेतल्या बायका विचारतात. निवृत्त मंडळी विचारतात, कारण डॉक्टरने सांगितलंय की म्हातारपणी स्नायू झिजतात. काल एक बाळंतीण विचारून गेली. आपल्याकडे सूप, भाज्या, बटाटा, पाव, भात. लोक ताटाकडे असं बघतात की जणू मी त्यांना नुसतं पाणी वाढलंय.

तुमचे दोस्त टेलरमास्तर तेवढे खूश आहेत. किडनीमुळे डॉक्टरांनी डाळ, अंडी, मांस, दूध सगळं मोजून-मापून सांगितलंय, म्हणजे जवळजवळ बंदच. दुकान बंद करून दुपारी येतात, भाज्यांचं सूप आणि उकडलेला बटाटा खातात आणि संध्याकाळसाठी डबा भरून नेतात. घरी काकू शाळेच्या ऑफिसातून उशिरा येतात ना. मला म्हणतात, "जगाला जे हवंय ते मला नको, म्हणून तर तुझं हॉटेल माझं आवडतं." तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

काय करू ते लिहा.

तुमची,
भिंगरी

---

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आमच्या वेळी लोक विचारायचे, पोट भरेल का. आता विचारतात, दंड भरतील का. काळ बदलला, त्याला इलाज नाही. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं. न देणारा हॉटेलवाला आणि न ऐकणारा मामा, दोघंही फार दिवस टिकत नाहीत.

अंडी ठेव. हरभरे भिजवून उकडून ठेव, घट्ट दही ठेव. एवढ्याने निम्मं काम होईल. पण खरं काम गुपचूप करायचं असतं. बंदरावरच्या कँटीनमध्ये मी होतो तेव्हा हमाल मंडळी दुधाला तोंड लावत नसत. ते पोरांचं पेय, म्हणत. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, यांच्या अंगात ताकद नाही, काहीतरी कर. मी काय केलं? पावाच्या पिठात, बटाट्याच्या लगद्यात, सूपमध्ये, सगळ्यात दुधाची पावडर मळली. कोणाला कळलं नाही. महिन्याभरात माणसं टवटवीत. साहेब म्हणाले, जादू आहे. मी म्हटलं, हात आहे.

तेव्हा तूही घाल. आता तर बिनचवीच्या पावडरी मिळतात म्हणे. सूपमध्ये घाल, पावात घाल, आणि आकडा छापून मोकळी हो. कशामुळे ते सांगत बसू नकोस. माणूस जिभेने जेवतो. कानात काही घातलंस की त्याची चव बिघडते. स्वयंपाक्याचा हात दिसता कामा नये, हे तुला लहानपणापासून सांगत आलोय.

मास्तरला म्हणावं, तुझ्याशिवाय इथे एक माणूस गप्पा मारण्याजोगा नाही. पत्र टाक म्हणावं.

तुझा,
मामा

---

२० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा हात लागू पडला. दुधापासून केलेली पावडर आणली. वास नाही, चव नाही. पावाच्या पिठात घातली तर पाव उलट मऊ झाला. सूपमध्ये घातली तर सूप दाट झालं, चमच्याला धरून राहतं. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "आचारी बदललात का?" मी नुसती हसले. आपल्या आचाऱ्याने बघितलं मी काय घालते ते. तो काही बोलला नाही. त्याला तुमच्या वेळेपासून न बोलायची सवय आहे.

नवं मेन्यूकार्ड छापलं. प्रत्येक पदार्थापुढे आकडा. सूपपुढचा आकडा बघून लोक दोनदा वाचतात. वजनवाली परत आली आणि येताना जिममधल्या चारजणी घेऊन आली. तिने कार्ड वाचून मान हलवली, "आता कसं." मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं, आणि या वयात एका पोरीकडून पास झाल्याचा आनंद होतो याची गंमतही वाटली.

दुपारी आता उभं राहायला जागा नसते. कोपऱ्यावरचा मालक परवा येऊन सूप पिऊन गेला. मी ओळख दाखवली नाही, त्यानेही नाही.

मास्तर येतात. जरा थकल्यासारखे दिसतात. शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलंय, त्यामुळे असेल.

तुमची,
भिंगरी

---

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बागेतल्या बाकावर सगळ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं. एकाने विचारलं, भाची का? मी म्हटलं, भाची कसली, चेला. छाती इंचभर फुगली हे कबूल करतो.

मात्र एक खुपतंय. मास्तरला मी मागच्या महिन्यात कार्ड टाकलं, उत्तर नाही. तो उत्तर न देणारा माणूस नाही. कपडा वेळेवर देत नाही, पण पत्राचं उत्तर देतो. गणवेशांचं निमित्त मला पटत नाही. तो काय पहिल्यांदा गणवेश शिवतोय? त्याला जरा बघ. खाण्यापिण्याची हेळसांड करत असेल तर आपलं सूप जास्त वाढ.

तुझा,
मामा

---

९ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उशिरा लिहितेय, रागावू नका. हॉटेलात श्वास घ्यायला सवड नाही. इथल्या पेपरात आपल्यावर चार ओळी आल्या. "घरगुती चव आणि आजच्या गरजा यांचा मेळ" असं काहीसं. कात्रण सोबत आहे.

मास्तरांची तब्येत मध्ये थोडी बिघडली होती. उन्हाळा बाधला असेल. काळजी करू नका. मी लक्ष ठेवून आहे.

बाकी क्षेम.

तुमची,
भिंगरी

---

१७ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू मला अर्धवट कळवतेस, आणि पुरतं मला दुसरीकडून कळतं. हे बरं नव्हे. पण तू मास्तरचं झाकायला बघतेस हे माझ्या लक्षात आलं, म्हणून रागावत नाही.

मास्तरच्या बायकोने ताईला फोन केला होता. रडत होती म्हणे. मास्तरचे रक्ताचे रिपोर्ट फार वाईट आलेत. अंगाला खाज, पायाला सूज, अन्न बघितलं की उलटी. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला आणि म्हणाले, हा माणूस चोरून मांस-अंडी खातोय, असंच चाललं तर डायलिसिसच्या मशीनवर घालावं लागेल. मास्तर शपथा घेतो की मी पथ्य मोडलेलं नाही. कोण विश्वास ठेवणार? कागदावरचे आकडे काय खोटं बोलतात? ती बिचारी आता त्याला दारात थांबवून त्याची बोटं हुंगते, अंड्याचा वास येतो का बघायला. फडताळाला कुलूप घातलंय. त्याच्या बहिणीसमोर त्याला चोर म्हणाली आणि मग स्वतःच रडत बसली.

मी मास्तरला सणसणीत कार्ड टाकलंय. लिहिलं, "अरे, या वयात जीभ आवरत नाही तर निदान लाज तरी आवर. बायको नोकरी करून तुझं पथ्य सांभाळते आणि तू चोरून खातोस?" मित्र म्हणून लिहिणं भाग होतं.

तुला एवढंच सांगणं. तो तुझ्याकडे अंडं मागत असेल, गयावया करत असेल, तरी देऊ नकोस. माझा मित्र म्हणून भीड धरू नकोस.

तुझा,
मामा

---

२८ मे

ती. मामांस,

हे पत्र मी चारदा फाडलं. नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

मास्तरांनी अंडं मागितलं नाही. कधीच नाही. ते रोज सूप पितात. दुपारी एक वाडगं आणि संध्याकाळी डब्यातलं. तेच सूप, ज्यात मी पावडर घालते.

परवा दुपारी गर्दी ओसरल्यावर ते काकूंना घेऊन आले. काकूंनी शाळेतून सुट्टी घेतली होती. मास्तर इतके वाळलेत की सदरा खांद्यावर अडकवल्यासारखा दिसतो. त्यांनी स्वतःच शिवलेला सदरा, मामा. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तू हिला सांग. मी तुझ्याकडे काय खातो ते सांग. माझं ही ऐकत नाही, तुझं ऐकेल."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. "खरं सांग. याला अंडी देतेस ना? मी रागावणार नाही. पण मला कळू दे."

मी म्हटलं, "नाही काकू. फक्त सूप आणि बटाटा."

शब्दाने खरं होतं. ते बोलताना माझी मान खाली गेली नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

काकू मास्तरांना म्हणाल्या, "तिलाही पढवून ठेवलंत. एका पोरीला खोटं बोलायला लावलंत." मास्तरांनी खिशातून तुमचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. "तुझ्या मामालाही असंच वाटतं," म्हणाले. मग दोघं निघाले. काकू पुढे, मास्तर चार पावलं मागे.

आणि मी उभी. तेव्हाही तोंड उघडलं नाही. आत भट्टीत पाव होते, बाहेर टेबलावर माणसं होती, मेन्यूवर आकडे छापलेले होते. मनात आलं, कार्डावर लिहिलेलं आहे की, त्यांनी वाचायला हवं होतं. मास्तरांनी या हॉटेलात कधी कार्ड उघडलंय? ते बसले की आपण वाढतो, ही तुमची रीत.

त्या दिवसापासून त्यांच्या सूपमध्ये पावडर घालत नाही. पण मास्तर आलेच नाहीत. माझ्या डोक्यातून त्यांचं पथ्य पार निसटलं होतं, मामा. गर्दीत विसरले.

काय करू सांगा.

भिंगरी

---

५ जून

चि. भिंगरीस,

तुझं पत्र आल्यापासून बागेत गेलो नाही.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढून बघितलं. त्यात तू स्पष्ट लिहिलं होतंस, मास्तरला दूध, डाळ, अंडी बंद. मी ते वाचलं होतं. वाचून पुढच्याच पत्रात तुला लिहिलं, सूपमध्ये घाल, सांगू नकोस. माझ्या मित्राचं पथ्य मला दिसलंच नाही, कारण मी बंदरावरच्या कँटीनची बढाई मारण्यात दंग होतो. आणि आता तीही बढाई पोखरतेय. त्या हमालांत कोणाला दूध सोसत नसेल तर? त्यांतला एक सारखा पोट धरून बसायचा. आम्ही त्याला कामचुकार म्हणायचो. कोणास ठाऊक काय होतं.

वर मी मास्तरलाच लाज शिकवली. ते कार्ड माझ्या हाताने लिहिलंय, ते आता परत घेता येत नाही.

भिंगरे, एक विचारतो. उत्तर मला देऊ नकोस, स्वतःला दे. तू विसरलीस? गल्लीतलं कोण किती मीठ खातं हे तुला पाठ आहे. ज्या माणसाला तू रोज स्वतःच्या हाताने वाढतेस, त्याचं पथ्य तू विसरलीस हे मला पटत नाही.

त्यांच्या घरी जा. दोघांना समोर बसवून सांग. मी येतो म्हणणार होतो, पण मी आलो की तू माझ्या मागे उभी राहशील. माझ्या नावाची सावली घेऊ नकोस. मामाने सांगितलं म्हणून केलं, असंही म्हणू नकोस. माझं मी त्याला वेगळं लिहितो.

मामा

---

२२ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गेले होते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. स्वतःला द्यायला सांगितलंत, तरी तुम्हालाही देते. विसरले नव्हते. सुरुवातीला मास्तरांसाठी छोटं पातेलं वेगळं लावत होते. मग गर्दी वाढली, शेगड्या कमी पडायला लागल्या. एके दिवशी ते पातेलं लावायचं राहिलं आणि मास्तर येऊन बसले. मी मोठ्या पातेल्यातलं वाढलं. मनाशी म्हटलं, एका दिवसाने काय होतंय. त्यांनी वाडगं संपवलं आणि म्हणाले, "आज फक्कड झालंय." दुसऱ्या दिवशी पातेलं काढलंच नाही. त्यांना आवडलं, ही सबब मला फार सोयीची पडली. पुढे ते थकलेले दिसायला लागले तेव्हा मी त्यांच्याकडे बघणंच कमी केलं. वाढायला दुसऱ्याला पाठवायचे. एवढं सगळं माणूस विसरून करत नाही.

रविवारी सकाळी गेले. दुकानाच्या वरची ती खोली तुम्हाला माहीतच आहे. शिवणाच्या मशीनवर चादर टाकलेली. काकू बटाट्याच्या फोडी पाण्यात भिजत घालत होत्या. तसं केलं की त्यातले क्षार कमी होतात म्हणे. मास्तर पलंगावर बसून हात खाजवत होते. मी बसले नाही. उभ्याने सगळं सांगितलं. पावडर कशाची, कधीपासून, कशात. छोट्या पातेल्याचंही सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही.

मला वाटत होतं की आता मास्तर मला काहीतरी फेकून मारतील. मला ते हवंच होतं. पण मामा, त्यांच्या तोंडावर काय आलं सांगू? आनंद. ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंस?" मग माझ्याकडे बघून, "बाई, पुन्हा एकदा सांग. सावकाश सांग. हिला नीट ऐकू दे."

मी पुन्हा सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, कोणी त्यांची बाजू मांडत असल्यासारखे. ज्या माणसाचं रक्त मी बिघडवलं तो माझे उपकार मानत होता, कारण तो चोर नाही एवढं मी कबूल केलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

काकूंनी बटाट्याचं भांडं खाली ठेवलं. ओले हात पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी यांची बोटं हुंगत होते." हे त्या कोणाला म्हणाल्या कळलं नाही. मास्तर म्हणाले, "असू दे गं. काय वास येत होता? खडूचा." काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. तू माझ्या डोळ्यांत बघून बोललीस."

"हो."

"यांच्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवला असता मी. एक शब्द बोलली असतीस तर."

मी हो म्हटलं. त्यांनी डॉक्टरांसाठी पावडरीचं नाव विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "आता जा तू."

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या दारात फळा लावला. कशात पावडर घातली होती, कधीपासून, आणि न सांगता घातली होती, हे सगळं. आचाऱ्याने फळा वाचला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "अक्षर मोठं काढा," म्हणाला. काही लोक हसले, काही जेवून गेले, काहींनी मान फिरवली. एका बाईंच्या मुलाला दूध चालत नाही. अंगावर चट्टे उठतात म्हणून त्या त्याला कसकसली मलमं लावत होत्या, आणि सुट्टीच्या दिवशी खास माझ्याकडे पाव खायला आणत होत्या. त्या भर दुपारी सगळ्यांसमोर जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

वजनवालीही रागावली. मला वाटलं होतं तिला काय, तिला तर हवंच होतं. ती म्हणाली, "मला हवं होतं ते मला विचारून माझ्या ताटात घालायचं. दुसऱ्याच्या ताटात कशाला?" इतकी साधी गोष्ट, मामा.

भिंगरी

---

८ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मास्तरला मी लिहिलं. ती पावडरीची शिकवण माझी होती हे लिहिलं, आणि माझं ते कार्ड फाडून टाक म्हणून लिहिलं. उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालत नाही. तो कार्ड फाडेल की ठेवेल तेही त्याच्यावर.

तू माझं नाव घेतलं नाहीस हे वाचलं. मी सांगितलं होतं, तरी वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. म्हातारपणी माणूस शहाणा होतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस.

मास्तरच्या तब्येतीचं खरं तेवढंच लिही. गोड करून लिहू नकोस.

मामा

---

३० ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मास्तरांचं खरं ते लिहिते. खाज गेली, सूज उतरली, जेवण जातं. डॉक्टर म्हणाले मशीनचं सध्या टळलं. पण किडनीचं जे गेलं त्यातलं थोडंच परत आलं. बाकीचं येणार नाही. जे पुढे कधीतरी व्हायचं होतं ते माझ्यामुळे अलीकडे आलं, असं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं आणि काकूंनी मला. शिवणाचं मशीन पुन्हा चालू केलंय. खालून आवाज ऐकू येतो. हॉटेलात ते येत नाहीत. रस्त्यात भेटले तर बोलतात, हवापाण्याचं. तुमचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही.

हॉटेल चालू आहे. पूर्वीइतकी गर्दी नाही. सूप साधं, पाव साधा. अंडी, हरभरे, घट्ट दही, भाजलेला मासा, कोंबडीचे तुकडे हे सगळं वेगवेगळ्या भांड्यांत समोर मांडलेलं. ज्याला जितकं हवं तितकं तो सांगतो आणि आम्ही त्याच्या ताटात त्याच्यासमोर घालतो. पावडरसुद्धा ठेवलीय, डब्यावर नाव लिहून. ज्याला हवी तो मागून घेतो. आणि कोणीही बसलं की आधी विचारायचं, काही पथ्य आहे का. पहिले काही दिवस लोक चमकले. आता आपणहून सांगतात. माणसांना काय काय सोसत नाही मामा, आणि ते सगळे इतकी वर्षं आपल्याकडे गुपचूप जेवत होते. वजनवाली महिनाभर आली नव्हती. आता येते, पण खिडकीपाशी बसत नाही. भांड्यांसमोर उभी राहून घेते.

आता एक सांगायचंय. जुलैच्या शेवटी एका सकाळी काकू मागच्या दाराने स्वयंपाकघरात आल्या. शाळेत जायच्या वेषात, खांद्याला पर्स, हातात मास्तरांचा डबा. म्हणाल्या, "त्यांना तुझंच सूप हवंय. माझ्या हातचं गळ्याखाली उतरत नाही म्हणतात. मी समोर उभी राहीन." मी छोटं पातेलं लावलं. त्या ओट्याजवळ उभ्या राहिल्या. मी पाणी ओतलं ते बघितलं, भाजी चिरली ती बघितली. मीठ घातलं तेव्हा हात पुढे करून चिमूट बघितली. सूप झाल्यावर स्वतः डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि गेल्या.

तेव्हापासून रोज येतात. मी "या" म्हणते, त्या ओट्याजवळ उभ्या राहतात. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. आचारीसुद्धा त्या वेळात आपली कामं बाजूला सरकवून जागा करतो. कोणी माझ्या हाताकडे असं बघत राहिलं की माझे हात मलाच परके वाटतात. पण मी चुकूनही पाठ वळवून उभी राहत नाही. त्यांना दिसलं पाहिजे.

काल त्या आल्या, मी पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, आणि त्यांना एकदम आठवलं की मास्तरांच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्यात. म्हणाल्या, "मी कोपऱ्यावरून औषधं घेऊन येते. तू भाज्या टाकून घे तोवर."

असं पहिल्यांदाच म्हणाल्या. त्या गेल्या, आणि मी चिरलेल्या भाज्यांचं ताट हातात घेऊन उभी राहिले. पाणी आधणाला आलं होतं. आचारी माझ्याकडे बघत होता. मी ताट खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि पातेल्यापासून लांब, दाराशी जाऊन थांबले.

त्या परत आल्या. पातेल्यात डोकावल्या. आत नुसतं पाणी. त्यांनी ताटातल्या भाज्या बघितल्या, मग मला बघितलं. ओट्याजवळ आपल्या जागेवर सरकल्या. मग पर्स खांद्यावर सरळ केली आणि म्हणाल्या, "मला शाळेत उशीर होतोय."

मी गॅस लावला.

तुमची,
भिंगरी